सासू नगरपालिकेला उभी राहिली तेव्हा

मासळी विकणारी माझी सासू नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा गावाने पहिलं काय केलं असेल तर नाकाला रुमाल लावला. अगदी खरोखरचा रुमाल. अर्ज भरून आम्ही दोघी कचेरीच्या पायऱ्या उतरत होतो. समोरच्या पानाच्या दुकानाशी उभ्या असलेल्या टोळक्याने खिशातले रुमाल काढून नाकाला लावले आणि त्यातल्या एकाने विचारलं, ‘‘काय रे, नगरपालिकेत आता म्हावऱ्याचो बाजार भरतलो मा?’’ सासू थांबली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘तुझ्या बापाशीक विचार. तो रोज सकाळी माझ्या पाटयेत नाक खुपसून बगता, ताजा की शिळा ता.’’ टोळकं हसलं, पण आता त्याला हसलं. आम्ही पुढे गेलो.

तिची जीभ अशी होती. त्या जिभेचा प्रसाद मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मिळत होता. माझं माहेर वालावलचं. तळं, देऊळ, माडांच्या बागा, आणि मासे खायचे तर कुणीतरी दारात आणून द्यायचे. सातवीची फायनल पास झालेली मुलगी मासे विकणाऱ्यांच्या घरात कशी पडली ही वेगळी कथा आहे. वडील वारल्यावर मुलींची लग्नं कशी होतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती सांगायला नको. सासूने मला नाव ठेवलं ‘शाळा’. ‘‘शाळा, बांगडे धुव. शाळा, उठलंस काय?’’ काटा रुतून माझं बोट सुजलं तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, ‘‘पुस्तकात काटे नसतत गो, तेका काय म्हायत.’’ दोन्ही मुलगे तिला भीत. माझा नवरा तर होडीवर असला की खुशीत असे.

पण अर्ज भरायला तिला शाळाच लागली. अर्ज मी लिहिला, तिने अंगठा दिला.

ती उभी का राहिली ते सांगते. गाव तेव्हा भराभर वाढत होतं. एस्टी सुरू झाली होती, स्टँडभोवती हॉटेलं निघाली होती, मुंबईला नोकरी करणारे लोक डोंगराच्या उतारावर जागा घेऊन सिमेंटची घरं बांधत होते. फोटो काढायचं दुकानसुद्धा झालं होतं. आणि या सगळ्याच्या बरोबर मध्ये, बाजाराच्या चौकात, झावळ्यांच्या मांडवाखाली आमचा मासळीबाजार. सासूची जागा कोपऱ्यातल्या काळ्या दगडापाशी. तिच्या आधी तिथे तिची सासू बसायची. समोर एक किराणामालाचं दुकान होतं. त्या शेटाने जुनं दुकान पाडून माडीची इमारत बांधली, वर बायकामाणसांसाठी गॅलरी काढली, आणि मग त्याला वास यायला लागला. वास पहिल्यापासून होता. नाक नवीन आलं होतं.

शेट आमच्या वॉर्डातून उभा राहिला तो एकच गोष्ट सांगत: निवडून आलो की मासळीबाजार वरच्या माळावर हलवणार. माळावर ना झाड, ना विहीर. तोंडवलीहून डोकीवर पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांना आणखी चढ चढावा लागणार, तोवर ऊन वर येणार, आणि गावातली गिऱ्हाइकं सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, एका वाट्यासाठी माळ चढून येणार नाहीत. बाजार तिकडे गेला की आमच्या घरांतल्या चुली निम्म्या विझल्या, एवढा सरळ हिशेब होता. पुरुषांना सांगून झालं. ते म्हणाले, बघू. पुरुषांचं ‘बघू’ सासूने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, ‘‘मी रवतंय उभी.’’

कचेरीत निशाणी घ्यायची वेळ आली. सासूला मासा हवा होता. कारकून शुद्ध मराठीत म्हणाला, ‘‘बाई, मासा यादीत नाही. तराजू शिल्लक आहे.’’ सासू माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘म्हावरा काय तोलून इकतत? वाटो लावतत. ह्येका कोणी सांगूक नाय?’’ शेवटी तराजूच घ्यावा लागला. जन्मभर तराजू हातात धरणाऱ्या शेटाला मिळाली छत्री. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पेटीवर निशाणीचं चित्र चिकटवलेलं, आणि पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. कुणी कुठे टाकला ते देवाला ठाऊक.

प्रचार असा काही आम्हाला येत नव्हता. सासू पाटी घेऊन फिरे तशीच फिरली, फक्त मासळीबरोबर मतं मागितली. एका संध्याकाळी आमच्या वाडीत, देवळापुढच्या वाळूत, बायका जमल्या होत्या. तिथे शेटाची माणसं आली. त्यांच्या हातात गुलाबदाणी होती. लग्नात शिंपडतात तसं ती बायकांवर गुलाबपाणी शिंपडू लागली. आमच्या बायकांना वाटलं, शेटाने मान पाठवला. काहींनी हात पुढे केले, एका म्हातारीने ते पाणी डोळ्यांना लावलं. मग त्यांनी उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटवून वाळूत चारी बाजूंनी खोवले आणि एक जण मोठ्याने म्हणाला, ‘‘आता बोला भाषण. आता ऐकूक येयत.’’ म्हातारीचे हात तसेच डोळ्यांवर राहिले. मला त्या क्षणी त्या माणसांचा जितका राग आला तितका पुढे आयुष्यात कुणाचा आला नाही.

सासूने तिथे काही केलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी केलं, आणि तेही काही चांगलं नव्हतं.

शेटाची आई म्हातारी होती, विधवा. त्यांच्यात विधवेने मासळी शिवायची नाही. पण तिला आवडायची. आमच्याकडे दर काही दिवसांनी तिची मोलकरीण पितळी डबा घेऊन मागच्या बाजूने यायची, सासू निवडून पेडवे द्यायची, वर केळीचं पान झाकायची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. सासू कधी कुणाला बोलली नव्हती. त्या म्हातारीने माझ्या थोरल्या दिराच्या आजारपणात पेज आणि तूप पाठवलं होतं. उदबत्त्यांच्या दुसऱ्या दिवशी, बाजार ऐन भरात असताना, सासूने समोरच्या गॅलरीकडे तोंड करून हाक घातली, ‘‘गो शेटाच्या आये! आज पेडवे ताजे इलेत गो! पान झाकून धाडू की उघडेच?’’

बाजारातल्या साऱ्या माना गॅलरीकडे वळल्या. म्हातारी गॅलरीत उन्हाला बसली होती. ती उठली, भिंतीला धरून आत गेली. त्यानंतर ती गॅलरीत दिसली नाही. मोलकरीण पुन्हा आली नाही. पुढल्या पावसाळ्यात म्हातारी गेली तेव्हा बायका म्हणाल्या, ती जेवणच सोडून बसली होती. खरं-खोटं माहीत नाही. सासूला हे कळलं तेव्हा ती बांगडे मांडत होती. ती मांडत राहिली.

त्या हाकेनंतर शेट काहीतरी करणार हे आम्हाला कळून चुकलं होतं. माणसं पाठवील, पाट्या उलथवील, असं नवरा म्हणाला. शेटाने तसलं काही केलं नाही. एका सकाळी तो स्वतः चौक ओलांडून सासूच्या दगडापाशी आला. कपाळाला ओला अंगारा, हातात फोडलेल्या नारळाचं भकल. सासू पदर खोचून सावरून बसली. शिव्या खायची आणि द्यायची तिची पूर्ण तयारी होती. शेट मात्र अगदी मऊ आवाजात बोलला.

‘‘मावशे, जा झाला ता झाला. एक विचारतंय. तू देवाक विचारून उभी रवलंस काय?’’

सासूने पाटीतला एक बांगडा उचलला आणि परत तिथेच ठेवला.

‘‘तुमच्यात तर होडी लोटूची तरी देवाक विचारतत. म्हणान विचारलंय. माझा काय, मी दुकानदार माणूस.’’ मग त्याने भकलातलं खोबरं नखाने काढलं आणि तुकडा तिच्या पुढे केला. ‘‘घे. देवाचो प्रसाद.’’

सासूने हात पदराला पुसले, दोन्ही हात पुढे करून तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. शेट परत गेला. त्या दिवशी ती गिऱ्हाइकांशी धड भांडलीही नाही.

तिला काय बोचलं ते मला लगेच समजलं, कारण त्या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला ती गोष्ट ऐकावी लागे. माझा सासरा एका वर्षी होडी लोटायच्या आधी देवाला कौल लावायला गेला होता. गुरव भिजवलेल्या कळ्या देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठली कळी आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर कर, डावी पडली तर करू नको. सासऱ्याला डावी आली. तो म्हणाला, पोरं काय खातील, आणि होडी लोटली. होडीची एक फळी मिठबावच्या किनाऱ्याला लागली. सासरा लागला नाही. सासूचं माहेर मिठबावचं. ती फळी तिच्या भावाने ओळखली. आमच्या घरात त्यानंतर लग्न असो, घर शाकारणं असो, म्हैस घेणं असो, आधी कौल. आणि निवडणुकीचा अर्ज मात्र तिने रागाच्या भरात, न विचारता भरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती देवळात गेली. मला बरोबर नेलं. वाडीतल्या बायकाही आल्या, कारण सासू देवळात जाते ही बातमी तिच्या आधी पोचली होती. गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, ‘‘बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक निवडणुकीक उभी रवली हा. न विचारता रवली, चूक झाली असात तर पदरात घे. तुझी मर्जी असात तर उजवो दी म्हाराजा.’’ बायका म्हणाल्या, ‘‘व्हय म्हाराजा.’’ मीही म्हणाले. समुद्राचा वारा दारातून आत येत होता, समई हलत होती. आम्ही सगळ्या त्या दोन ओल्या कळ्यांकडे बघत राहिलो.

डावी पडली.

सासूने पुन्हा कौल लावायला सांगितलं नाही. लावता येतो; लोक लावतात; उजवी पडेपर्यंत लावणारेही मी पाहिले आहेत. गुरवानेच विचारलं, ‘‘वयनी, परत लावू?’’ ती म्हणाली, ‘‘एकदा सांगल्यान मा? पुरे.’’

अर्ज मागे घ्यायची मुदत संपली होती. मी कचेरीत विचारून आले. नाव राहणार, पेटी राहणार, पेटीवरचा तराजू राहणार. सासू म्हणाली, पेटी राहू दे. त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसवलं: दोन मुलगे, आम्ही सुना, शेजारच्या घरातले चुलत दीर आणि त्यांच्या बायका. म्हणाली, ‘‘देवान नको म्हटला. आता माझ्या पेटयेत कोणी कागद टाकूचो नाय. छत्रीत टाका. एक माणूस गेलो, तितको पुरे झालो.’’ माझा नवरा चाचरत म्हणाला, ‘‘आये, बाजार जातलो.’’ ती म्हणाली, ‘‘बाजार जांव दे. तुम्ही रवा.’’ मला तिचा राग आला, कीव आली, आणि हसूही आलं. साऱ्या बाजाराला घाबरवणारी बाई दोन कळ्यांना घाबरली होती.

वाडीतही ती घरोघरी फिरली. ज्यांच्याकडे मतं मागितली होती त्यांच्याकडे जाऊन ती परत केली. काही बायकांनी ऐकलं. बऱ्याच जणी म्हणाल्या, कौल तुझ्या घराला, आमच्या घराला नाही. आणि त्यांनी तराजूतच टाकायचं ठरवलं. शेटाची माणसं हे सगळं ऐकून असणार, कारण उदबत्त्या बंद झाल्या. रस्त्यात भेटलं की ती माणसं आता सासूला नमस्कार करायची. रुमालापेक्षा तो नमस्कार मला जास्त झोंबला.

मतदानाच्या दिवशी ती पडद्याआड गेली आणि चटकन बाहेर आली. तिने छत्रीत टाकलं, हे तिने बाहेर येऊन मोठ्याने सांगितलं. अधिकारी ओरडला, असं सांगायचं नसतं. ती म्हणाली, ‘‘देवाक ऐकूक व्हया.’’

मग माझी पाळी आली. पडद्याआड दोन पेट्या शेजारी शेजारी होत्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून जिथे सासूची नजर पोचत नाही अशी ती माझी पहिली जागा. मी कागद तराजूच्या पेटीत टाकला. माळावर पाटी मलाही चढवायची होती, हे एक कारण. तिने नको म्हटलं होतं, हे दुसरं, आणि जास्त मोठं. बाहेर आल्यावर तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी पदर नीट केला.

मोजणी झाली आणि सासू पडली. पडली ती अगदी थोडक्यात. आमच्या खळ्यात त्या रात्री जेवढी माणसं बसली होती, जवळजवळ तेवढ्याच मतांनी. हे कारकुनाने मला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मला बरं वाटेल. ‘‘थोडक्यात गेलं हो,’’ तो म्हणाला. मी घरी येऊन सांगितलं. थोरली जाऊ उठली आणि तिने भांडी घासायला घेतली.

शेटाची मिरवणूक मुद्दाम आमच्या वाडीतून गेली. शेटाच्या गळ्यात हार होते आणि दोन पोरांनी त्याच्यावर भली मोठी छत्री धरली होती. त्यांच्या मागे एक माणूस पातळ नेसून, डोकीवर रिकामी पाटी घेऊन, सासूसारखा कमरेवर हात ठेवून चालत होता आणि लोक त्याच्या पाटीत माशांची डोकी टाकत होते. सासू दारात उभी राहून बघत होती. तिने सोंगवाल्याला म्हटलं, ‘‘पाटी वायच मागे घे रे. माझी मान अशी पुढे नसता.’’

बाजार माळावर गेला. चौकात फरशी घातली, आमच्या काळ्या दगडावर शेटाने नारळपाण्याची टपरी बसवून दिली. माळावर व्हायचं ते झालं. दहा वाजता बांगड्यांचे डोळे पांढरे पडत. गिऱ्हाईक चढून येईना. तोंडवलीच्या बायका येईनाशा झाल्या. सासूच्या गुडघ्यांनी चढ धरवेना, म्हणून पाटी माझ्या डोकीवर आली आणि ती मागून काठी टेकत येऊ लागली. जीभ मात्र बसून खात नव्हती. ‘‘शाळा, नीट चाल. पाणी गळता,’’ असं वाटभर चाले. पण भांडायला समोर माणूस नसलं की तिची जीभ मध्येच थांबे.

अशा एका दुपारी गुरव माळावर आला. म्हातारा झाला होता, त्याला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. पूजा आता मुलगा करत होता. सासूने त्याला तारल्यांचा वाटा लावून दिला. तो पैसे काढता काढता म्हणाला, ‘‘वयनी, तू तेवढी खरी. तुका डावो इलो, तू बसलंस. शेटाक डावो इलो, तो काय बसलो?’’

सासूचा हात वाट्यावरच राहिला. ‘‘खंयच्या शेटाक?’’

‘‘आता किती शेट आसत? तुझ्या आदल्या दिवशी सकाळी इलेलो. एकटोच. कळ्ये लावले, डावो. परत लावूक सांगल्यान, डावो. तिसऱ्यान लावले, तरी डावोच. मगे नारळ फोडल्यान, अंगारो लावल्यान, भकल घेतल्यान आणि म्हणालो, ‘देवाक निवडणुकीतला काय कळता.’ आणि गेलो चौकात.’’

‘‘तेव्हा कित्या सांगलंस नाय माका?’’ सासूने हळू विचारलं.

‘‘दुसऱ्याचो कौल सांगूचो नसता, वयनी. आता मी पूजेक नाय, म्हणान बोललंय.’’

तिने त्याच्या वाट्यात आणखी दोन तारली टाकली. गुरव गेला. उरलेली मासळी त्या दिवशी कुणी घेतली नाही. आम्ही परत निघालो. चढाच्या मध्यावर एक बांध आहे, बायका तिथे पाट्या उतरवून दम खातात. सासू तिथे बसली. खाली गाव दिसत होतं, शेटाच्या माडीची कौलं सगळ्यांत लाल. तिने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, ‘‘थंयसूनच इलेलो तो. सरळ देवळासून माझ्याकडे.’’

‘‘व्हय,’’ मी म्हणाले. ‘‘अंगारो ओलो होतो.’’

‘‘आणि माका तेच्या हातचा खोबरा दिल्यान.’’ ती बोटांकडे बघत होती. ‘‘देवान तेका नको म्हटलेला, त्याच नारळाचा. आणि मी कपाळाक लावन खाल्लंय.’’

तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मला वाटलं आता सांगावं, आता तिला बरं वाटेल. इतकी वर्षं लपवून ठेवलेलं मी तिला सांगितलं. म्हटलं, ‘‘आये, मियां तुझ्याच पेटयेत टाकलेलंय. तराजूत.’’

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मारील. मारलं नाही.

‘‘तुझ्या एकट्या मताचा मी काय करू?’’ ती म्हणाली. ‘‘लोणचा घालू?’’

मग काठी टेकून ती उठली, पाटीला एका बाजूने हात लावला, आणि मी ती डोकीवर घेतली.